खाड्याची वही

डीएडला असताना दोन वर्षं मी साताऱ्यात एका खानावळीत जेवलो. २००६ ते २००८. गाव माण तालुक्यात, त्यामुळे रोज ये-जा करणं शक्य नव्हतं. तिघांनी मिळून एक खोली घेतली होती. खोलीच्या मालकांनीच पहिल्या दिवशी सांगितलं, "जेवणासाठी फिरत बसू नका, बोळातल्या मावशींकडं जा." बोळाच्या तोंडाशी पत्र्याची पाटी होती : 'घरगुती जेवण मिळेल'. नाव नाही, फोन नंबर नाही. आम्ही पोरं तिला मेस म्हणायचो, जुनी माणसं खानावळ म्हणायची.

खानावळ सुरू केली ती मावशींच्या सासूबाईंनी. साल कुणालाच आकड्यात आठवत नव्हतं. "कोयनेचा भूकंप झाला ना, त्याच्या पुढल्या वर्षी," एवढं मावशी सांगायच्या. भूकंप डिसेंबर १९६७ चा, म्हणजे १९६८ धरायला हरकत नाही. आधी एसटीच्या दोन-चार कंडक्टरांचे डबे होते, मग कॉलेजची मुलं येऊ लागली, मग पुढची खोली मोकळी करून पंगत बसू लागली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची. पण त्या वर्षीही सासूबाईंनी चूल बंद ठेवली नाही, हे मावशी दर उन्हाळ्यात एकदा तरी सांगायच्याच.

आमच्या वेळी चार बाकडी आणि चार टेबलं होती. एका वेळी सोळा जण बसायचे. भिंतीवर कालनिर्णय, त्याच्या शेजारी खिळ्याला दोरीनं बांधलेली एक लांबट वही आणि पेन्सिल. ताटात दोन भाकरी किंवा तीन चपात्या, एक सुकी भाजी, एक आमटी, भात, चटणी, कांदा. वार ठरलेले होते. सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी वांगं, बुधवारी घेवड्याची आमटी, गुरुवारी पिठलं, शुक्रवारी पालेभाजी, शनिवारी दाण्याचा म्हाद्या. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे शिरा किंवा खीर आणि मसालेभात. रविवारी रात्री खानावळ बंद.

पहिल्या महिन्यात आम्ही या ठरलेल्या वारांना नावं ठेवायचो. "आज गुरुवार म्हणजे पिवळा दिवस," असं कोणीतरी म्हणायचंच. पण पाठ घेण्याचा सराव सुरू झाला, टाचणं लिहिता लिहिता रात्रीचे बारा वाजायला लागले, निरीक्षक बाई पाठाच्या वहीवर लाल शेरे मारायला लागल्या आणि मग त्या ठरलेल्या वारांचा आधार वाटू लागला. दिवस कसाही गेला तरी गुरुवारी पिठलंच असणार. चव आईच्या हातची नव्हती. आमच्या घरी आमटीला एवढा लसूण नसतो. तरी ते जेवण घरचं वाटायचं, कारण घरीसुद्धा आपण रोज पदार्थ निवडत नाही. घरात जे शिजतं ते आपलं असतं.

हॉटेल आणि खानावळ यात मला हाच मोठा फरक वाटतो. हॉटेलात आपण पदार्थ मागतो आणि बिल देतो. ओळख असलीच तर गल्ल्यापुरती. खानावळीत महिना भरतो. तिथं मेंबर म्हणतात. मेंबर आला नाही तर ते कळतं.

ते कळण्याची जागा म्हणजे ती दोरीला बांधलेली वही. खानावळीत जेवलेल्या प्रत्येकाला 'खाडा' हा शब्द माहीत असतो. गावाला जायचं असेल, बाहेर जेवायचं असेल तर आदल्या दिवशी वहीत आपल्या नावापुढे खाडा मांडायचा. तेवढ्या वेळचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा होतात. न सांगता चुकवलं तर वजा होत नाहीत, कारण पीठ मळून झालेलं असतं. नियम अगदी रोकडा आहे. धंदा म्हणून बघितलं तर न सांगता गैरहजर राहणारा मेंबर खानावळीच्या फायद्याचा. पैसे आले आणि ताट वाचलं.

मावशींना मात्र खाडा न मांडता कोणी आलं नाही की चैन पडायची नाही. एक वेळ त्या सोडून द्यायच्या. दोन वेळा झाल्या की धाकट्या मुलाला सायकलवरून खोलीवर धाडायच्या. आमच्यातला पाटणकडचा एक मुलगा तापानं फणफणून पडला होता. आम्ही दोघं पाठासाठी बाहेरगावच्या शाळेत मुक्कामी होतो. त्याला दवाखान्यात नेलं ते त्या सायकलवरून आलेल्या मुलानं. नंतर आठ दिवस त्याच्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण वेगळं शिजायचं. त्याचे वेगळे पैसे मावशींनी लावले नाहीत आणि त्या गोष्टीचा कधी उल्लेखही केला नाही.

दुसरी गोष्ट सोमवारची. रविवारी रात्री खानावळ बंद असल्यामुळे ज्यांच्या खिशात पैसे असायचे ते वडापाव, भेळ खायचे. ज्यांच्याकडे नसायचे ते दुपारच्या फीस्टवरच झोपायचे. महिनाअखेरीला अशांची संख्या बरीच असायची. मावशींनी कधी कोणाला विचारलं नाही, "काल रात्री काय खाल्लं?" त्या सोमवारी सकाळी पीठच जास्त मळायच्या. आणि वाढताना म्हणायच्या, "आरं, ही भाकरी मोडलीया, दुसऱ्याला वाढायची न्हाय. तू घे." कधी भाकरी मोडलेली असायची, कधी करपलेली, कधी नुसतीच उरलेली. दर सोमवारी एवढ्या भाकऱ्या कशा मोडतात, हे कुणी विचारलं नाही. घेणाऱ्याला लाज वाटणार नाही असं कारण देणाऱ्यानंच शोधून ठेवायचं, हे मी डीएडच्या कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. ते तिथं शिकलो.

साताऱ्याच्या मातीत ही गोष्ट नवीन नाही म्हणा. घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलानं जेवायचं कुठं, हा प्रश्न आपल्याकडे शाळेइतकाच जुना आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणी माधुकरी मागायचे. त्यातून मोठी झालेली माणसं आपल्याला चरित्रांत भेटतात. पण वार मिळायला घरांशी जातीचं नातं लागायचं. ज्यांना कोणी ओसरीवरच येऊ देत नव्हतं, त्यांना वार कुठून मिळणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील आणि एकत्र जेवतील हा त्यातला मुख्य मुद्दा होता. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही मोडलं. आपण शाळेत ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. ती स्वयंपाकघराच्या हिशेबाचीही आहे. उद्याच्या भाकरीचं पीठ नव्हतं, म्हणून ते मंगळसूत्र गेलं.

मुंबईतल्या गिरणगावात हेच काम खानावळवाल्या बायकांनी केलं. कोकणातून, घाटावरून एकट्यानं आलेल्या कामगारांना त्यांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांमधून जेवू घातलं. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी या बायकांच्या डोक्यावर. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केलं. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढतं आहे. ही नावं पेपरात येतात, त्यांच्यावर लेख होतात. आमच्या बोळातल्या खानावळीवर लेख होणार नाही. पण तिथं जेवून गेलेले किती शिक्षक आज कुठल्या कुठल्या वस्तीशाळेत शिकवत असतील, याची मोजदाद त्या वहीतच सापडेल.

आता माझ्या शाळेकडे येतो. माझ्या लहानपणी, १९९५ नंतर, शाळेत शिजवलेलं जेवण मिळत नव्हतं, तांदूळ मिळायचा. महिन्याला तीन किलो, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. आम्ही पिशव्या घेऊन रांगेत उभे राहायचो. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न द्यायला सुरुवात झाली. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं त्याला मिळावीत असा हिशेब आहे. २०२१ पासून योजनेचं नाव बदललं. आपण शिक्षक रोज किती मुलं जेवली त्याचा आकडा अ‍ॅपवर भरतो. ४१ पैकी ३८. आकडा गेला की काम झालं.

आकडा लागतोच. तांदूळ, डाळ, तेल यांचा हिशेब त्यावर चालतो आणि तो चोख असायलाच हवा. पण त्या ३८ मध्ये कोण किती जेवलं आणि जे तीन आले नाहीत ते का आले नाहीत, हे अ‍ॅपला सांगायला जागा नाही. ते बघायची सवय मला खानावळीमुळे लागली. या शाळेत आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सोमवारीच लक्षात आलं की सोमवारी पातेलं लवकर रिकामं होतं. पट तोच, तांदूळ तेवढाच. बुधवारी खिचडी तळाला उरायची, सोमवारी मुलं पळी खरवडायची. शनिवारी दुपारी शाळेत जेवलेलं मूल पुन्हा शाळेत जेवतं ते सोमवारी दुपारी. आमच्या भागातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलं आजीजवळ राहतात. घरात चूल पेटत नाही असं नाही. पण गुडघे धरलेली आजी रविवारी एकदाच स्वयंपाक करते आणि तोच दोन वेळ पुरवते. हे कळायला सर्वेक्षण करावं लागलं नाही. मावशींचा सोमवार आठवला, एवढंच.

मग काय केलं? मोठं काही नाही. मुलांना उभं करून "रात्री कोण जेवलं नाही" असं विचारायचं नाही, हे पहिलं ठरवलं. स्वयंपाकी ताईंशी बोललो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, मला ठावं हाय. मी सोमवारी पातळ करते, म्हंजी पुरतं." म्हणजे त्यांनाही दिसत होतंच. पुढच्या पालकसभेत मुलांची नावं न घेता विषय मांडला. शाळेला कोणी काही द्यायचं म्हटलं तर वाढदिवसाचा केक नको, सोमवारसाठी घेवडा, मटकी, शेंगदाणे द्या. दोन शेतकरी पालकांनी सुगीला पायली-पायली आणून दिली. परसबागेतला पालक आणि शेवग्याचा पाला सोमवारसाठी राखला. आता सोमवारी उसळ जास्त असते. आणि ताई मुलांना सांगतात, "पातेलं मला घासायचंय, तळाचं संपवा बरं." कोणी गरीब म्हणून जास्त घेत नाही. ताईंना मदत म्हणून घेतं.

खानावळीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धं राहील. 'घरगुती चव' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यामागे एका बाईचं मनगट असतं. मावशी पहाटे साडेचारला उठायच्या. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. दोन वेळच्या मिळून दीडशे भाकऱ्या म्हणजे रोज बारा-पंधरा किलो पीठ एकटीनं मळायचं आणि थापायचं. लग्नकार्याला जायचं तर रविवारी, तेही दुपारची पंगत आटोपून. पन्नाशीतच त्यांची बोटं वाकडी झाली होती. काका बाजार आणायचे, हिशेब बघायचे. पण काका आजारी पडले तेव्हा खानावळ चालू राहिली, आणि मावशी आजारी पडल्या तेव्हा बंद.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला प्रशिक्षण होतं, तेव्हा जेवायला तिथंच गेलो. आता थोरला मुलगा आणि सून चालवतात. भाकरीला एक बाई ठेवली आहे, गॅसची मोठी शेगडी आहे. २०१० नंतर शिक्षकभरती थंडावली, डीएड कॉलेजं एकामागून एक बंद पडली, आणि मेंबर निम्म्यावर आले होते. मध्ये पनीर आणि चायनीज ठेवून बघितलं, जमलं नाही. आता स्पर्धा परीक्षांची मुलं येतात. त्यांची जेवायची वेळ निश्चित नसते, मोबाईलवर खाडा कळवतात. वही अजून आहे. सूनबाई म्हणाल्या, "मोबाईलवरचं पण मी वहीत उतरून घेते. वही समोर असली की कोण आलं नाही ते दिसतं." मावशी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होत्या. नात नर्सिंगला आहे हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. "ती काय चुलीपुढं बसणार न्हाय," असं म्हणताना त्यांचा चेहरा फुलला होता. ही खानावळ बंद पडली तर मला वाईट वाटेल. पण त्या नातीनं भाकऱ्या थापत बसावं असंही मला वाटत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चौथी-पाचवीच्या वर्गासाठी खानावळ हा फार चांगला पाठ होतो. मी एक उदाहरण देतो. 'दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ८४० रुपये. महिना ३० दिवसांचा, चार रविवारी रात्री सुट्टी. तर एका वेळच्या जेवणाचे किती?' मुलं ६० वेळांतून ४ वजा करतात, ५६ ने भागतात, १५ रुपये येतात. मग, 'एका मुलानं सहा वेळांचे खाडे मांडले, त्याला किती द्यावे लागतील?' ९० वजा, ७५० रुपये. गणित इथपर्यंत होतं. त्यानंतर भाषेचा प्रश्न : 'एका मुलानं खाडा मांडला नाही आणि दोन दिवस आलाही नाही. खानावळीच्या मावशींनी काय करावं? चार ओळी लिहा.' मागच्या वर्षी निम्म्या मुलांनी पैसे कापू नयेत असं लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, "मावशींनी त्याच्या मित्राला विचारावे. मित्राला माहीत नसेल तर स्वतः जावे." मी त्या उत्तराला शेरा दिला नाही, वर्गात वाचून दाखवलं. शक्य असेल तर गावातल्या एखाद्या खानावळीच्या किंवा बचतगटाच्या ताईंना तासाला बोलवा. दिवसाला किती पीठ लागतं, पहाटे किती वाजता उठता, हे प्रश्न मुलांनाच विचारू द्या. घरी आईला कोणी हे विचारलेलं नसतं. मुलं त्या दिवशी घरी जाऊन विचारतात.

पालकांना एकच सांगणं. मूल शिकायला बाहेर राहत असेल तर फोनवर आपण विचारतो, "जेवलास का?" त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी "आज भाजी कसली होती?" असं विचारा. जेवलेलं मूल लगेच सांगतं, भाजीला नावं ठेवतं, तक्रार करतं. जे जेवलेलं नसतं ते थोडं थांबतं. ते थांबणं ऐकू आलं, तर रागावू नका. खानावळीचा नंबर जवळ ठेवा आणि मेस चालवणाऱ्या काकूंशी महिन्यातून एकदा दोन शब्द बोला. तुमचं मूल आलं नाही हे तुमच्या आधी त्यांना कळणार आहे.